पकडलेलं विष टाकायचं कुठे?

(स्मृती व्याख्यानमालेत दिलेल्या व्याख्यानाचा मुद्रित पाठ)



निमंत्रणपत्रिका छापायला जाण्याआधी व्याख्यानमालेच्या कार्यवाहांचा फोन आला. ‘पॉलिमरचे नॅनोवाहक’ असं छापलं तर कोणी येईल का, ही त्यांची काळजी. मी म्हटलं, ‘विष’ हा शब्द ठळक छापा, येतील. सभागृह बघता सल्ला वाया गेलेला दिसत नाही.

ज्यांच्या स्मरणार्थ ही व्याख्यानमाला चालते, त्यांनी तालुक्याच्या गावात हयातभर दवाखाना चालवला. असल्या दवाखान्यात विषबाधा वर्षभर येते. पावसाळ्यात साप, उन्हाळ्यात विंचू, फवारणीच्या दिवसांत कीटकनाशक. त्यामुळे विषय निवडताना मला फार लांब जावं लागलं नाही.

सुरुवात यवतमाळपासून करू. २०१७ साली कपाशीवर फवारणी करताना विषबाधा होऊन त्या जिल्ह्यात वीसहून अधिक शेतकरी आणि शेतमजूर दगावले. शेकडो जण रुग्णालयात दाखल झाले. त्या वर्षी पीक माणसाच्या उंचीला आलं होतं. नळी वर धरून फवारायचं म्हणजे निम्मा फवारा स्वतःच्याच अंगावर. त्यात दोन-तीन औषधं एकाच पंपात ढवळलेली. यातल्या प्रोफेनोफॉस आणि मोनोक्रोटोफॉससारख्या ऑर्गॅनोफॉस्फेट गटातल्या रसायनांनी बाधा झालेला माणूस ज्यांनी पाहिलाय, त्यांना ते चित्र सांगावं लागत नाही. बाहुल्या आकसलेल्या, तोंडाला फेस, छातीत घरघर, कपड्यांना लसणासारखा उग्र वास. आधी ते कपडे कापून काढायचे, साबणपाण्याने अंग धुवायचं आणि शिरेतून अ‍ॅट्रोपिन सुरू करायचं. पाच मिनिटांनी दुप्पट मात्रा, आणखी पाच मिनिटांनी त्याच्या दुप्पट. पुरेसं झालं हे ओळखायचं कसं? छाती ऐकायची, नाडी मोजायची आणि रुग्णाच्या काखेत हात घालून बघायचं. काख कोरडी लागली की नर्स म्हणते, ‘सर, झालं.’

आता मेख बघा. या सगळ्या धावपळीत अ‍ॅट्रोपिनने विषाच्या एका रेणूलाही हात लावलेला नसतो. विष जिथे होतं तिथेच आहे. अ‍ॅट्रोपिनने फक्त त्याचा गोंगाट दाबून धरलाय. महाडच्या डॉ. हिंमतराव बावस्करांनी कोकणातल्या लाल विंचवाच्या दंशावर प्राझोसिन वापरून कितीतरी जीव वाचवले. तो उपचार जगाने उचलला, पण प्राझोसिनसुद्धा विंचवाचं विष काढत नाही. विषाने खवळलेल्या रक्तवाहिन्या सैल करतं, एवढंच. आपण ज्याला उतारा म्हणतो, त्यातला बराचसा असाच असतो. मी त्याला कमी लेखत नाही. माणूस जगला की उपचार बरोबर. तरीही प्रश्न उरतोच की विष प्रत्यक्ष उचलून बाहेर काढता येईल का?

जुने मार्ग तुम्हाला ठाऊक आहेत. पोट धुणं, आणि पाण्यात कालवलेला सक्रिय कोळसा पाजणं. या कोळशाच्या एका ग्रॅममध्ये अंतर्गत पृष्ठभाग हजार चौरस मीटरच्या घरात असतो, म्हणून तो विषाला धरून ठेवतो, पण फक्त जठर-आतड्यात. एकदा विष रक्तात उतरलं की कोळशाचा फारसा उपयोग नाही. तिथे डायलिसिस. जर्मन फौजांनी व्यापलेल्या हॉलंडमध्ये, कांपेन नावाच्या गावात विलेम कोल्फने १९४३ साली पहिलं चालणारं यंत्र बनवलं. सॉसेज भरायला वापरतात ती सेलोफेनची नळी लाकडी पट्ट्यांच्या पिंपाभोवती गुंडाळून. पहिले बहुतेक रुग्ण गेले. १९४५ साली एक वृद्ध बाई वाचली आणि एक नवी वैद्यकशाखा उभी राहिली.

पण डायलिसिस फक्त रक्तातलं काढतं, आणि कित्येक विषं रक्तात थांबतच नाहीत. नैराश्यावरच्या अ‍ॅमिट्रिप्टिलीनच्या गोळ्या कोणी मूठभर खाल्ल्या, तर थोड्याच वेळात त्यातला अगदी किरकोळ अंश रक्तात उरतो. बाकीचं औषध चरबीत, स्नायूत, हृदयात, मेंदूत जाऊन बसलेलं असतं. यंत्र रात्रभर फिरवा, हाती फारसं काही लागत नाही. तेव्हा रक्तातच असं काहीतरी सोडायला हवं, जे विषाला घट्ट धरील. मोकळं विष रक्तात कमी झालं की ऊतींमधलं विष आपणहून रक्तात परत झिरपतं. हे नुसतं कागदावर नाही. हृदयरोगाच्या डिगॉक्सिनची मात्रा जास्त झाली, तर मेंढीत तयार केलेले प्रतिपिंडांचे तुकडे शिरेतून देतात. ते डिगॉक्सिनला पकडतात, हृदयातलं औषध ओढून रक्तात आणतात आणि लघवीवाटे दोघेही बाहेर. १९७६ पासून हे माणसांत झालेलं आहे.

नॅनोवाहकांची कल्पना इथून सुरू होते. गेली काही दशकं रसायनशास्त्रज्ञ पॉलिमरचे अतिसूक्ष्म कण बनवताहेत, ते औषध भरून शरीरात नेऊन सोडण्यासाठी. त्यातल्याच काहींनी व्यवहार उलटा केला. कण रिकामा पाठवायचा, भरून परत आणायचा. आपल्या नगरपालिकेची घंटागाडी जशी सकाळी रिकामी येते आणि कचरा भरून जाते, तशी. आणि घंटागाडीबद्दल जो प्रश्न प्रत्येक शहराला छळतो, तोच इथेही आहे. गाडी भरली, आता रिती कुठे करायची? या क्षेत्रातल्या लेखांत ‘पकडलं’ याची वर्णनं रकानेच्या रकाने असतात. टाकलं कुठे, हे बहुधा शेवटच्या परिच्छेदात उरकलेलं असतं. मी आज त्या शेवटच्या परिच्छेदावरच बोलणार आहे.

गंमत म्हणजे या तत्त्वावर चालणारे जे दोन उपाय आज सर्रास वापरात आहेत, ते दोन्ही आडवाटेने आले.

पहिला, इन्ट्रालिपिड. सोयाबीन तेलाचे सूक्ष्म थेंब अंड्यातल्या फॉस्फोलिपिडच्या आवरणात धरून पाण्यात मिसळलेले. बाटली बघितली तर दूधच वाटेल. तोंडाने खाऊ न शकणाऱ्या रुग्णाला शिरेतून स्निग्ध आहार द्यायला हे स्वीडनमध्ये १९६२ साली आलं. शिकागोचे भूलतज्ज्ञ गाय वाइनबर्ग यांना नव्वदच्या दशकात वेगळाच संशय होता. ब्युपिव्हकेन ही जागा बधिर करणारी भूल चुकून रक्तवाहिनीत गेली तर हृदय थांबतं आणि काही केल्या चालू होत नाही. स्निग्ध द्रव दिल्याने हे आणखी बिघडेल, अशा अंदाजाने त्यांनी उंदरांवर प्रयोग केला. निकाल उलटा लागला. १९९८ साली तो प्रसिद्ध झाला. २००६ मध्ये न्यूयॉर्कमधल्या एका ५८ वर्षांच्या रुग्णाचं हृदय खांद्याच्या शस्त्रक्रियेआधी दिलेल्या भुलेने थांबलं. वीसेक मिनिटं सगळे प्रयत्न करून झाल्यावर १०० मिलिलिटर इन्ट्रालिपिड दिलं आणि नाडी परत आली. आज मोठ्या रुग्णालयांत शस्त्रक्रियागृहाच्या कपाटात ही दुधी बाटली असते.

आधी वाटलं की तेलाचे थेंब भूलद्रव्य शोषून घेतात आणि ते तिथेच अडकतं. पुढे कळलं की थेंब हमालासारखे काम करतात. हृदय आणि मेंदूतून औषध उचलायचं, स्नायूंत आणि यकृतात नेऊन टाकायचं. विष शरीराबाहेर गेलं नाही. जिथे जीव घेईल तिथून काढून जिथे निभेल तिथे हलवलं. टाकण्याच्या प्रश्नाचं हे पहिलं उत्तर, आणि मला ते फार शहाणपणाचं वाटतं.

दुसरा उपाय, सुगामॅडेक्स. शस्त्रक्रियेत स्नायू ढिले करायला रोक्युरोनियम देतात. ऑर्गॅनॉन कंपनीच्या स्कॉटलंडमधल्या प्रयोगशाळेत अँटन बॉम हे रोक्युरोनियम विरघळवायला सोयीचा द्रावक शोधत होते. त्यासाठी ग्लुकोजच्या आठ कड्यांचं वर्तुळ असलेलं सायक्लोडेक्स्ट्रिन घेतलं. वर्तुळाच्या पोकळीत रोक्युरोनियम असं काही चपखल बसलं की बाहेर येईना. द्रावक म्हणून ते बाद, उतारा म्हणून उत्तम. युरोपात २००८ साली आणि अमेरिकेत २०१५ साली त्याला मान्यता मिळाली. ही जोडगोळी इतकी लहान असते की किडनी तिला लघवीत सोडते. कचरा थेट बाहेर. पण हे पॉलिमर नव्हे, एकेकटा रेणू आहे. एक रेणू एकाच रेणूला धरतो, म्हणून विष जितकं तितकाच उतारा लागतो.

मोठ्या कणात जागा जास्त, पण तिथे दुसरी अडचण. किडनीच्या गाळणीतून साधारण पाच-सहा नॅनोमीटरपर्यंतचा कण जातो. ज्यांची चर्चा पुढे करतोय ते कण याच्या कितीतरी पट मोठे. ते लघवीत उतरणार नाहीत. ते यकृतात आणि प्लीहेत जाणार, कारण परका कण दिसला की तिथल्या भक्षकपेशी तो गिळतात.

सॅन डिएगोच्या कॅलिफोर्निया विद्यापीठात लियांगफांग झांग यांच्या गटाने २०१३ मध्ये जो नॅनोस्पंज प्रसिद्ध केला, तो या जातीचा. आतला गाभा पीएलजीएचा. शस्त्रक्रियेतले विरघळणारे टाके ज्या कुळातल्या पॉलिमरचे असतात, त्याच कुळातला. त्यावर लाल रक्तपेशीचं खरंखुरं आवरण चढवलेलं. कल्पना मोठी धूर्त आहे. अनेक जिवाणूंची विषं, मधमाशीचं विष, काही सापांचं विष ही सगळी लाल पेशीच्या आवरणाला भोकं पाडतात. प्रत्येकाची रचना निराळी, पण सावज एकच. मग प्रत्येकासाठी वेगळा प्रतिपिंड कशाला शोधायचा? सावजाचं सोंग घेतलेला कण पाठवा. औषधांना दाद न देणाऱ्या स्टॅफिलोकोकस जिवाणूच्या अल्फा विषाचे सात रेणू एकत्र येऊन पेशीत भोक पाडतात. ते नॅनोस्पंजवर चालून गेले आणि तिथेच रुतून बसले. एका कणाने अल्फा विषाचे सुमारे ८५ रेणू धरले, मधमाशीच्या मेलिटिनचे सुमारे ८५०. प्राणघातक मात्रा देण्याआधी कण दिलेले ८९ टक्के उंदीर जगले. विषानंतर कण दिलेले ४४ टक्के. वर्तमानपत्रांच्या मथळ्यांत ८९ चढले. डॉक्टरला मात्र ४४च कामाचे, कारण साप चावण्याआधी रुग्ण दवाखान्यात येत नाही.

तुम्ही म्हणाल, विषाने भरलेले कण यकृतात गेले तर यकृताचं काय? त्या गटाने ते तपासलं. उंदरांच्या यकृतात कायमची इजा दिसली नाही. प्रथिनांची विषं यकृत पचवून टाकतं, पीएलजीए लॅक्टिक आणि ग्लायकोलिक आम्लात मोडतो. प्रथिनाच्या विषासाठी यकृत ही चांगली जागा आहे. पारा किंवा शिशासारखा धातू मात्र पचत नाही, त्यामुळे तिथे हाच युक्तिवाद लावता येणार नाही.

त्याच विद्यापीठाच्या अर्व्हाइन इथल्या शाखेत केनेथ शेया आणि त्यांचे सहकारी यू होशिनो यांनी रक्तपेशीही बाजूला ठेवली. मेलिटिन हे २६ अमिनो आम्लांचं. त्याच्या उपस्थितीत पॉलिमर घडवला, मग मेलिटिन धुऊन काढलं. कणावर त्याच्या आकाराच्या खाचा राहिल्या. जिवंत प्राण्याशिवाय बनलेला प्रतिपिंड म्हणा. २०१० मध्ये त्यांनी दाखवलं की मेलिटिन टोचलेल्या उंदरांना पाठोपाठ हे कण दिले, तर विष कणांसकट यकृतात गोळा होतं आणि जास्त उंदीर जगतात. रक्तात शिरताच कोणत्याही कणावर प्रथिनांचा लेप बसतो आणि खाचा बुजतात, ही या पद्धतीची जुनी डोकेदुखी. तरी कण आपलं सावज ओळखू शकले, हे या प्रयोगाचं खरं यश.

आता थोडा हिशोब, कारण हिशोबाशिवाय या विषयात हवेत किल्ले फार बांधले जातात. कोणी पॅरासिटामॉलच्या तीस गोळ्या खाल्ल्या, पाचशे मिलिग्रॅमच्या. म्हणजे पंधरा ग्रॅम. कणाने स्वतःच्या वजनाच्या दहा टक्के विष उचललं असं उदारपणे धरलं, तरी दीडशे ग्रॅम कण शिरेत सोडावे लागतील. ते शक्य नाही आणि गरजही नाही. एन-अ‍ॅसिटिलसिस्टीन वेळेत दिलं की काम भागतं. कणांची लढाई मायक्रोग्रॅम-मिलिग्रॅमात मारणाऱ्या विषांशी आहे. झांग यांच्या गटाने २०१५ मध्ये नॅनोस्पंज डायक्लोरव्हॉस या ऑर्गॅनोफॉस्फेट कीटकनाशकावर लावून बघितला. लाल पेशीच्या आवरणावर अ‍ॅसिटिलकोलिनएस्टरेज हे विकर असतंच आणि ऑर्गॅनोफॉस्फेट नेमकं त्यालाच चिकटतं. उंदीर वाचले. पण रागाच्या भरात अर्धी बाटली प्यायलेल्या माणसाला हा उपाय पुरा पडेल असं मला वाटत नाही. विष मणभर, सावज कणभर. फवारणीत कातडीतून आणि श्वासातून थोडं थोडं भिनलेल्या शेतमजुराचं गणित वेगळं आहे. तिथे आशेला जागा आहे.

इथे एक आडवळण घेतो. ‘डिटॉक्स’ नावाने बाजारात चहा, चूर्णं, तळपायाला लावायच्या पट्ट्या विकल्या जातात. कोणतं विष, किती, कुठून काढलं, हे त्यांच्या वेष्टनावर कधी लिहिलेलं असतं का? विष कोणतं हे सांगता येत नसेल, तर काढलं काय? पैसे, बहुतेक. खऱ्या अर्थाने विष काढणारा पॉलिमर बघायचा असेल तर किडनीच्या कुठल्याही रुग्णाकडे जा. पोटॅशियम वाढलं की पाण्यात कालवून घ्यायची पिवळसर, वाळूसारखी कचकचणारी पूड त्याच्याकडे असते. ते पॉलिस्टायरिनचं राळेसारखं संयुग. पोटॅशियम आतड्यात धरतं आणि शौचावाटे निघून जातं. नॅनो नाही, दिमाख नाही, चव तर मुळीच नाही. पण टाकायचं कुठे, हा प्रश्न त्याने कधीच सोडवलाय.

म्हणून मला या क्षेत्रातलं सगळ्यांत विचारपूर्वक काम झुरिकमधलं वाटतं. ईटीएच या संस्थेत जाँ-क्रिस्तॉफ लेरू यांनी टाकण्याची जागा आधी ठरवली आणि मग वाहक बनवला. यकृत निकामी झालं की रक्तात अमोनिया साठतो, माणूस बरळतो, बेशुद्ध होतो. अमोनिया भाररहित असताना आवरणातून सहज आरपार जातो. आम्लात गेला की त्याला भार चिकटतो आणि परतीची वाट बंद. लेरूंनी लिपिडच्या पोकळ गोळ्यांत सायट्रिक आम्ल कोंडलं आणि ते गोळे उंदरांच्या उदरपोकळीत सोडले. पेरिटोनियल डायलिसिसला पाणी सोडतात तसे. गोळे मुद्दाम मोठे ठेवले, रक्तात निसटू नयेत म्हणून. उदराच्या पडद्यातून अमोनिया आत येतो, गोळ्यात अडकतो. काही तासांनी नळी उघडायची, पाणी, गोळे, अमोनिया सगळं पिशवीत. यकृताला, जे आधीच आजारी आहे, त्याचा वासही नाही. २०१४ मध्ये हे प्रसिद्ध झालं. रक्तदाबावरच्या व्हेरापामिलचा अतिडोस दिलेल्या उंदरांतही उपयोग दिसला. पुढे हे काम मानवी चाचण्यांपर्यंत पोचलं. त्याच गटाने नंतर लिपिडऐवजी पॉलिमरची भिंत असलेले गोळे केले, तोंडावाटे देऊन आतड्यातच अमोनिया धरावा म्हणून. लिपिड आतड्यातल्या पित्तरसात टिकत नाही. पॉलिमरची भिंत तिथे कामी येते.

आणखी एक पंथ म्हणतो, टाकायचंच कशाला, जागेवर मोडा. लॉस एंजेलिसमध्ये युनफेंग लू यांच्या गटाने २०१३ मध्ये दोन विकरं एकाच पॉलिमरच्या कुपीत कोंडली. एक दारूचं ऑक्सिडीकरण करतं, दुसरं त्यात तयार होणारं हायड्रोजन पेरॉक्साइड लगेच नष्ट करतं. उंदरांच्या रक्तातलं अल्कोहोल उतरलं. बातमी वाचून मला २०१५ चं मालवणी आठवतं. मुंबईच्या त्या वस्तीत विषारी दारूने शंभराहून अधिक माणसं मेली. ती दारू मिथेनॉलची होती. हीच कुपी तिथे वापरली असती तर मिथेनॉलपासून फॉर्माल्डिहाइड झालं असतं, म्हणजे जे यकृत हळूहळू करतं ते झटपट. मोडतोड करणाऱ्या उपायाला पुढचं पायरीपायरीचं रसायनशास्त्र माहीत असावं लागतं, आणि गुत्त्यावर काय मिसळलं होतं हे रुग्ण सांगू शकत नाही.

शेवटी सापाकडे येतो, कारण आपल्या मुलखात या तंत्राची खरी परीक्षा तिथे आहे. २००० ते २०१९ या वीस वर्षांत भारतात सर्पदंशाने सुमारे बारा लाख मृत्यू झाले असा अंदाज आहे, वर्षाला सरासरी ५८,०००. नाग, मण्यार, घोणस, फुरसं या चौघांवर चालणारी लस घोड्याच्या रक्तातून काढतात. परळच्या हाफकिनचं नाव त्याच्याशी पिढ्यान्‌पिढ्या जोडलेलं आहे. लस जीव वाचवते. पण तिचे रेणू मोठे, शिरेतून दिले की सुजलेल्या पायातल्या ऊतीपर्यंत उशिरा आणि अपुरे पोचतात. माणूस वाचतो आणि बोटं, कधी पाऊल, कधी पिंढरीचं मांस झडतं. शेतमजुराचा पाय गेला तर घर बसतं. शेया यांच्या गटाने २०१८ मध्ये आफ्रिकेतल्या थुंकणाऱ्या नागाचं विष उंदरांच्या कातडीत टोचलं आणि पॉलिमरचे कण त्याच जागी दिले. कातडी झडण्याचं प्रमाण कमी झालं. कण रक्तात फिरवायचेच नाहीत, दंशाच्या जागीच विष जखडून ठेवायचं. घोडा नको, विष काढायला साप नको, पूड बाटलीत राहते. प्राथमिक आरोग्य केंद्राच्या फ्रीजवर विसंबायची गरज कदाचित उरणार नाही.

माझ्या मते पॉलिमर कणांची पहिली उपयुक्त जागा हीच आहे. शिरेतून देण्याच्या भव्य स्वप्नांच्या आधी पायात टोचायची एक स्वस्त बाटली. मात्र आपल्या प्रयोगशाळांनी हे काम उचललं तर दोन अटी पाळाव्यात. विष घोणस आणि फुरशाचं असावं, आणि तेही इथल्या भागातलं, कारण एकाच जातीच्या सापाचं विष प्रदेशागणिक बदलतं. आणि विष टोचल्यावर लगोलग कण देऊ नयेत. आतापर्यंतच्या बहुतेक प्रयोगांत विष आणि कण यांत काही सेकंदांचं किंवा मिनिटांचं अंतर आहे. वाडीवरून रुग्ण निघतो, आधी मांत्रिकाकडे जातो, मग जीप मिळते, मग घाट. विष टोचून दोन तास थांबा, मग कण द्या, आणि जो आकडा येईल तो छापा. तो बहुधा नॅनोस्पंजच्या ४४ टक्क्यांपेक्षा कमी असेल. लसीचा पहिला डोस लावून रुग्णाला पुढे पाठवायचा की नाही, हे ठरवणाऱ्या डॉक्टरला तोच आकडा लागणार आहे.